ऑफिसच्या ईपीएबीएक्सला संगणक जोडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली-मिरज भागातल्या ऑफिसांचे ईपीएबीएक्स बसवणं आणि दुरुस्त करणं हा माझा धंदा. ईपीएबीएक्स म्हणजे ऑफिसातलं छोटं टेलिफोन एक्स्चेंज. हळदीच्या अडत्यांपासून मिरजेतल्या दवाखान्यांपर्यंत हल्ली सगळीकडे एकच मागणी असते: "टेबलावर फोन आहे, संगणकही आहे, दोन्ही एक करून द्या." मग प्रश्न सुरू होतात. दर वेळी फोनवर अर्धा तास जातो, म्हणून इथे लिहून ठेवतोय.

आमचा ईपीएबीएक्स बारा वर्षांचा आहे. संगणक जोडायचा म्हणजे तो भंगारात काढायचा का?

लगेच नाही. आधी झाकण उघडून आत काय आहे ते बघू. बाहेरून येणाऱ्या लाइन म्हणजे ट्रंक आणि आतले फोन म्हणजे एक्स्टेन्शन, हे दोन शब्द धरून ठेवा, बाकी सगळं त्यांच्याभोवतीच फिरतं.

तुमचा डबा तीनपैकी एका जातीचा असेल. पहिली जात निव्वळ अॅनालॉग. साधे फोन, दोन वायरी, बस. दुसऱ्या जातीत साध्या फोनांबरोबर रिसेप्शनवर एक मोठा बटणांचा डिजिटल फोन असतो. तिसऱ्या जातीत नेटवर्कचं सॉकेट असतं, किंवा आयपी कार्ड (फोन नेटवर्कवरून चालवणारं कार्ड) घालायला रिकामा खण तरी असतो. तिसरी जात असेल तर कंपनीचं कार्ड आणि लायसन्स घेऊन काम होतं. पहिल्या दोन असतील तर मध्ये एक गेटवे लावतात. गेटवेची एक बाजू जुन्या डब्याशी फोनच्या भाषेत बोलते आणि दुसरी संगणकांशी नेटवर्कच्या भाषेत.

गेटवे घेताना लोक हमखास एक चूक करतात. एफएक्सएस पोर्ट डायल टोन देतो, तिथे साधा फोन लागतो. एफएक्सओ पोर्ट डायल टोन घेतो, तिथे लाइन लागते. तुमच्या ईपीएबीएक्सचं एक्स्टेन्शन टोन देणारं असतं, म्हणून त्याच्यासमोर एफएक्सओच हवा. दोन्ही बाजू टोन देणाऱ्या जोडल्या तर काहीच होत नाही, आणि दुकानदार उघडलेला माल परत घेत नाही.

'जोडून द्या' म्हणजे नक्की काय करता तुम्ही?

हा प्रश्न खरं तर मी तुम्हाला विचारायचा. कारण एकाच शब्दात तीन वेगळ्या मागण्या लपलेल्या असतात.

काहींना संगणकच फोन म्हणून वापरायचा असतो. हेडसेट लावायचा, पडद्यावर नंबर दाबायचा, बोलायचं. हा झाला सॉफ्टफोन.

काहींना टेबलावरचा फोन तसाच हवा असतो, पण त्याचा लगाम संगणकाच्या हातात. ग्राहकाच्या नावावर क्लिक केलं की फोन लागावा, आणि बाहेरून फोन आला की वाजायच्या आत त्या माणसाचं खातं पडद्यावर यावं. ही कल्पना नवीन नाही. मायक्रोसॉफ्ट आणि इंटेलने यासाठी १९९३ मध्ये टॅपी नावाची सोय आणली. तुमच्या ईपीएबीएक्सच्या कंपनीने तिचा ड्रायव्हर काढलाय का आणि तो आजच्या विंडोजवर चालतो का, एवढंच बघायचं असतं. मात्र आलेला नंबरच कळला नाही तर खातं कसलं उघडणार? त्यासाठी लाइनवर सीएलआय (फोन करणाऱ्याचा नंबर दाखवायची सोय) चालू हवी आणि ट्रंक कार्डाला ती ओळखता यायला हवी. जुन्या कार्डांना येत नाही.

आणि काहींना फक्त हिशेब हवा असतो. कुणी, कुठे, किती वेळ बोललं. त्यासाठी एवढा खटाटोप लागतच नाही. बहुतेक ईपीएबीएक्सना मागे नऊ पिनांचं सिरियल पोर्ट असतं. प्रत्येक कॉल संपला की तिथून एक ओळ बाहेर पडते: तारीख, वेळ, एक्स्टेन्शन, ट्रंक, लावलेला नंबर, कालावधी. लॉजवाले खोलीच्या बिलात फोनचे पैसे धरायचे ते या ओळींवरूनच. ईपीएबीएक्स आणि संगणक यांची सर्वात जुनी सोयरीक हीच. संगणकाला सिरियल पोर्ट नसेल तर यूएसबी कन्व्हर्टर लावा. फक्त तो संगणक रात्री बंद करू नका. डब्यातली साठवण भरली की जुन्या नोंदी आपोआप पुसल्या जातात.

एक्स्टेन्शनच्या वायरीतून इंटरनेट चालेल का?

मोडेमच्या काळात चालायचं. ५६ केबीपीएसचा मोडेम असला तरी ईपीएबीएक्सच्या अॅनालॉग एक्स्टेन्शनवरून ३३.६ च्या वर जायचा नाही, कारण आवाजाचं अॅनालॉग-डिजिटल रूपांतर मध्ये एकदा जास्त व्हायचं. आयएसडीएन आल्यावर ६४-६४ केबीपीएसच्या दोन वाहिन्या मिळाल्या. एकीवर बोला, दुसरीवर डेटा पाठवा. तेव्हा त्याचं फार अप्रूप होतं.

आता गंगा उलटी वाहते. डेटा फोनच्या वायरीतून जात नाही, फोनच डेटाच्या वायरीतून जातो. पण कुणाकडे मोडेमचं सॉकेट असलेला जुना लॅपटॉप असेल तर त्याची पिन डिजिटल एक्स्टेन्शनच्या सॉकेटात कधी घालू नका. सॉकेट दिसायला तेच असतं, आतला करंट वेगळा असतो, आणि मोडेम जळतो.

प्रत्येक टेबलाला एकच केबल आहे. फोन आणि संगणक दोन्ही त्यावर चालतील?

चालतील, आणि बहुतेक ठिकाणी असंच करतात. आयपी फोनच्या मागे दोन सॉकेटं असतात. एक भिंतीकडे, एक संगणकाकडे. फोनच्या पोटात छोटासा स्विच, म्हणजे एका केबलीचं नेटवर्क अनेक यंत्रांना वाटणारा भाग, असतो. फोनचं बोलणं एका व्हीलॅनमध्ये (एकाच नेटवर्कातल्या वेगळ्या कप्प्यात) आणि संगणकाचं काम दुसऱ्या व्हीलॅनमध्ये ठेवलं की वायर एक असूनही वाटा वेगळ्या राहतात. स्विच पीओई असेल तर फोनला अॅडॉप्टर लागत नाही, वीजही त्याच केबलमधून येते. साध्या ८०२.३एएफ पीओईत पोर्टला १५.४ वॅट मिळतात. टेबलावरच्या फोनला तेवढे भरपूर झाले.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. स्वस्त फोनांची सॉकेटं १०० एमबीपीएसची असतात, म्हणजे मागचा संगणकही १०० वरच अडकतो. टॅलीला काही फरक पडत नाही, मोठ्या फायली हलवणाऱ्या आर्किटेक्टला पडतो. दुसरं, फोन रीस्टार्ट झाला की मागच्या संगणकाचं नेटही तेवढा वेळ जातं.

आणि एक किस्सा. एका ऑफिसमधून सोमवारी सकाळी फोन आला, "सगळं बंद पडलंय. फोन नाही, नेट नाही, प्रिंटर नाही." जाऊन बघतो तर स्विचचे सगळे दिवे एकदम, एकाच लयीत, वेड्यासारखे फडफडतायत. ते दिसलं की समजायचं, केबलीचं कुठेतरी वेटोळं, म्हणजे लूप, झालंय. एकेक केबल काढत गेलो. अकरावी काढली आणि दिवे शांत झाले. त्या टेबलाखाली वाकून पाहिलं. रविवारी फरशी पुसताना कुणाला तरी फोनच्या मागची एक केबल लोंबकळताना दिसली होती, आणि त्या भल्या माणसाने ती शेजारच्या रिकाम्या सॉकेटात नीट खोचून ठेवली होती. फोनची दोन्ही टोकं भिंतीत. स्विचमध्ये लूप प्रोटेक्शन चालू असतं तर तेवढं एक पोर्ट बंद पडलं असतं आणि बाकी ऑफिस चाललं असतं. तेव्हापासून मी ती सेटिंग आधी चालू करतो, मग चहा घेतो.

भिंतीतल्या जुन्या टेलिफोन वायरीवरच आयपी फोन लावून द्या ना, फोडाफोडी नको.

फोडाफोडी कुणालाच नको असते, मलाही नाही. पण टेलिफोनची साधी वायर आणि नेटवर्कची केबल यांत फरक पिळाचा आहे. कॅट-५ई किंवा कॅट-६ मध्ये चार जोड्या असतात आणि प्रत्येक जोडीचा पीळ मोजून दिलेला असतो. १०० एमबीपीएसला अशा दोन जोड्या लागतात, गिगाबिटला चारही. स्विचपासून संगणकापर्यंत एकूण अंतर १०० मीटरच्या आत हवं. जुन्या वायरीला ना पुरेशा जोड्या ना पीळ. कधी कधी लिंक लागते, दिवा पेटतो, मालक खूश होतो, आणि दुपारी आवाज तुटायला लागतो.

उलटं मात्र जमतं. कॅट-५ई टाकलेली असेल तर तिच्यावर साधा फोन आरामात चालतो. आरजे-११ ची छोटी पिन आरजे-४५ च्या सॉकेटात मधोमध बसते आणि निळ्या जोडीला लागते. म्हणून नवीन बांधकाम असेल तर फोनसाठी वेगळी वायर टाकूच नका. प्रत्येक टेबलाला कॅट-६ च्या दोन केबल टाका.

एका केबलीत दोन कामं करायचा जुगाडही लोक करतात. नारिंगी आणि हिरव्या जोडीवर नेट, निळीवर फोन. १०० एमबीपीएसवर तो चालतो. पण काही पीओई स्विच वीज निळ्या आणि तपकिरी जोडीवरूनच सोडतात, आणि साधा फोन वाजताना त्याच्या जोडीवर ७० व्होल्टच्या पुढे एसी जातो. त्या दोघांची गाठ पडली तर नुकसान कुणाचं होईल ते सांगायला नको. मी हा जुगाड करून देत नाही. कुणी केलेला दिसला तर त्या केबलीला लाल टेप गुंडाळतो.

खरं दुखणं बहुतेक वेळा क्रोनच्या पेटीत, म्हणजे टेलिफोनच्या सगळ्या वायरी जिथे जोडतात तिथे, असतं. जिन्याखाली किंवा मीटरच्या शेजारी एक पत्र्याची पेटी असते. झाकण काढलं की धूळ, एखादं पालीचं अंडं आणि पांढऱ्या-निळ्या, पांढऱ्या-नारिंगी जोड्यांचा गुंता. कुठल्या जोडीवर कुठलं एक्स्टेन्शन हे कधीकाळी पेन्सिलीने झाकणाच्या आत लिहिलेलं असतं आणि त्यावर रंग मारलेला असतो. संगणक जोडायच्या आधी मी एक दिवस फक्त या पेटीला देतो. टोनर (वायरीत सूर सोडून ती ओळखायचं यंत्र) लावून एकेक जोडी शोधायची, क्रोन टूलने खट्कन परत बसवायची, नंबर चिकटवायचे. मालकाला वाटतं हा माणूस दिवसभर नुसता पेटीपुढे बसलाय. पण 'सॉफ्टफोनला आवाज खरखरतो' या तक्रारीचं मूळ मला सॉफ्टवेअरपेक्षा या पेटीतच जास्त वेळा सापडलंय. सॉफ्टफोन असला तरी बाहेरची तांब्याची लाइन याच पेटीतून येते ना!

सॉफ्टफोनला नेट किती स्पीडचं लागतं?

वाटतं त्यापेक्षा फारच कमी. जी.७११ हा नेहमीचा कोडेक (आवाजाचा डेटा करायची पद्धत) आवाजाला ६४ केबीपीएस घेतो. त्याचे दर २० मिलिसेकंदाला एक असे सेकंदाला ५० पुडके होतात, आणि प्रत्येक पुडक्यावर पत्ता चिकटवायचा म्हणून इथरनेटवर ते साधारण ८७ केबीपीएस होतं. तेवढंच जाताना, तेवढंच येताना. दहा जण एकाच वेळी बोलले तरी एक एमबीपीएस भरत नाही. जी.७२९ घेतलात तर एका कॉलला ३१-३२ केबीपीएसच लागतात.

मग १०० एमबीपीएसच्या कनेक्शनवर आवाज का तुटतो? कारण इथे प्रश्न वेळेचा आहे. पंगतीत भात वाढून झाला आणि वरण भात संपल्यावर आलं, तर भांडंभर वरण असून काय उपयोग? ईमेल तीन सेकंद उशिरा आली तर कुणाला कळतही नाही. शब्दाचा तुकडा मागे पडला तर तो फेकूनच द्यावा लागतो. एका बाजूला जायला १५० मिलिसेकंदांपर्यंत लागले तर बोलताना जाणवत नाही. त्यापुढे दोघं एकमेकांचं बोलणं तोडायला लागतात, आणि मग दोघंही "हां, बोला बोला" म्हणून गप्प बसतात.

गर्दी बहुधा अपलोडवर होते. एका अडत दुकानात रोज बरोबर अकराला आवाज फाटायचा, ऐन सौद्याच्या वेळी. अकराला सीसीटीव्हीचं फुटेज आणि हिशेबाचा बॅकअप एकदमच क्लाउडवर चढत होते. बॅकअप रात्री दहाला नेला आणि राउटरमध्ये आवाजाच्या पुडक्यांना पुढची रांग दिली. फोनमध्ये या पुडक्यांवर डीएससीपी ४६ असा शिक्का मारता येतो, आणि स्विच-राउटर तो मानतात की नाही ते तपासायचं. नवीन प्लॅन घ्यावा लागला नाही. हे सगळं तुमच्या ऑफिसच्या हद्दीपर्यंतच चालतं बरं का. एकदा पुडकं बाहेरच्या इंटरनेटवर गेलं की तुमच्या शिक्क्याला कुणी विचारत नाही.

फोन लागतो, पण आमचा आवाज जातो आणि त्यांचा येत नाही. किंवा अर्ध्या मिनिटात कट होतो.

सॉफ्टफोनमध्ये दोन वेगळी कामं चालतात. फोन लावणं, वाजवणं, उचलणं, ठेवणं हे एसआयपी बघतं, साधारण ५०६० या पोर्टवरून. आणि बोलणं वेगळ्या वाटेने, आरटीपीतून जातं. म्हणून रिंग व्यवस्थित वाजते आणि आवाज मात्र हरवतो.

कारण बहुतेक वेळा राउटर. सॉफ्टफोन आपला पत्ता म्हणून ऑफिसच्या आतला पत्ता सांगतो, समोरचा तिकडे आवाज पाठवायला जातो आणि तो पत्ता बाहेर कुठे अस्तित्वातच नसतो. नेटवाल्याने दिलेला एक राउटर आणि त्याच्यामागे तुम्ही लावलेला दुसरा, अशी दोन दारं असली की गोंधळ दुप्पट. पहिल्या राउटरला ब्रिज मोडमध्ये टाका, म्हणजे तो पत्ते न बदलता सगळं नुसतं पुढे सोडतो. राउटरमध्ये 'एसआयपी एएलजी' नावाची मदतनीस सेटिंग असते, ती बंद करा. नाव मदतनिसाचं, पण पत्ते दुरुस्त करायच्या नादात ती बिघडवतेच जास्त.

अर्ध्या मिनिटात तुटणारा कॉल घड्याळ लावून मोजा. दर वेळी ३२ सेकंदांच्या आसपास तुटत असेल तर तुमचं उत्तर पोचल्याची पोच परत येत नाहीये, असं समजा. एसआयपी तेवढा वेळ वाट बघतं आणि ठेवून देतं. दुखणं तेच, राउटरचं.

तपासताना आधी ऑफिसातल्या ऑफिसात, एका सॉफ्टफोनवरून दुसऱ्यावर कॉल लावा. तो नीट असेल तर दोष दाराबाहेर. तोही बिघडलेला असेल तर विंडोजचा फायरवॉल बघा. पहिल्यांदा सॉफ्टफोन उघडला तेव्हा त्याने परवानगी विचारली असेल आणि कुणीतरी घाईत 'कॅन्सल' दाबलं असेल.

हेडसेट कुठला घ्यावा?

यूएसबीचा, वायरचा. ब्लूटूथ हेडसेटचा माइक चालू झाला की बऱ्याच संगणकांवर ऐकू येणारा आवाजही उतरतो. गाणी ऐकायला छान असलेला महागडा हेडसेट फोनवर डब्यातून बोलल्यासारखा वाटतो तो त्यामुळे. लॅपटॉपच्या स्पीकरवर बोलू नका, समोरच्याला त्याचाच आवाज परत ऐकू जातो. उलट तुम्हाला तुमचा प्रतिध्वनी येत असेल तर हेडसेट बदलून उपयोग नाही. तो समोरच्या टोकाला किंवा तुमच्या गेटवेच्या अॅनालॉग पोर्टवर तयार होतोय.

संगणक झोपायला गेला की सॉफ्टफोनही झोपतो, हे मात्र सगळ्यांना सांगून ठेवा. "मॅडम जागेवर असतात, पण फोनच वाजत नाही," ही तक्रार बहुतेकदा स्लीप सेटिंगची निघते.

लाइट गेली तर?

हा प्रश्न खरेदीआधी विचारणारा माणूस भेटला की मला फार बरं वाटतं.

जुन्या तांब्याच्या लाइनला तुमच्या विजेची गरजच नसते. एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांवरून ४८ व्होल्ट येतात आणि साधा फोन काळोखातही वाजतो. बहुतेक ईपीएबीएक्समध्येही त्यासाठी सोय असते. वीज पूर्ण गेली की आतला रिले टक् करून पडतो आणि एक नंबरची लाइन थेट एका ठरलेल्या एक्स्टेन्शनला लागते. ते एक्स्टेन्शन कुठलं आहे ते विचारून ठेवा. एका दवाखान्यात ते स्टोअररूममध्ये निघालं, औषधांच्या खोक्यांमागे.

संगणकावरून बोलायला लागलात की साखळी लांबते. संगणक, स्विच, ईपीएबीएक्स किंवा गेटवे, राउटर, आणि फायबर असेल तर भिंतीवरचा ओएनटी, म्हणजे फायबर जिथे संपते ती पेटी. यातला एकही बिनबॅटरीचा राहिला तर फोन बंद. फायबरवरची लँडलाइनही ओएनटीला वीज नसेल तर मुकीच असते. ऑफिसात इन्व्हर्टर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. साध्या मोडमध्ये तो इकडून तिकडे होईपर्यंत राउटर रीस्टार्ट होतो, आणि परत नोंदणी होऊन फोन चालू व्हायला दोन-तीन मिनिटं जातात. यूपीएस मोडवर ठेवा, किंवा रॅकला वेगळा छोटा यूपीएस द्या. पीओईचा खरा फायदा इथे कळतो. एका यूपीएसवर स्विच ठेवला की सगळे टेबलफोन जिवंत राहतात.

माझं मत स्पष्ट आहे. काहीही नवीन घ्या, तांब्याची एक लाइन आणि एक साधा फोन ठेवाच. तुमच्या भागात तांब्याची लाइन मिळत नसेल तर त्या जागी गेटवेच्या बाहेर, थेट एक मोबाइल.

संगणकावरून मोबाइलला फोन लागत नाही, लँडलाइनला लागतो.

शून्य. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन लावताना आधी शून्य लावावं लागतं. हाताने लावणाऱ्यांना सवय झाली. पण सॉफ्टफोन तुमच्या यादीतला नंबर जसाच्या तसा उचलतो, आणि यादीत तो '+९१' ने सुरू होतो, कारण ती मोबाइलवरून आलेली असते.

शिवाय बऱ्याच ईपीएबीएक्समध्ये बाहेरची लाइन घ्यायलाच शून्य दाबायचं असतं. म्हणजे मोबाइलला लाइनचं एक शून्य आणि नंबरचं एक, अशी दोन. एक मिळालं तर 'हा नंबर तपासून पाहा' म्हणून बाई बोलते. हे माणसांना शिकवत बसू नका, डब्यालाच शिकवा. '+९१' आणि पुढे मोबाइल असेल तर ते काढून शून्य लाव. सांगलीत बसून '+९१२३३' दिसलं तर तेही काढ, गावातलाच नंबर आहे. तुमच्या एसआयपी ट्रंकवाल्याला (नेटवर्कवरून बाहेरची लाइन देणाऱ्या कंपनीला) नंबर वेगळ्या रूपात हवा असेल तर त्याच्या वाटेला वेगळा नियम. अर्ध्या तासाचं काम आहे.

त्याच वेळी ११२ कुठल्याही एक्स्टेन्शनवरून, पुढे काही न लावता लागतो का तेही पक्कं करा. बाहेरचे कॉल बंद केलेल्या फोनवरूनही लागला पाहिजे.

इंटरनेटवरून लँडलाइनला फोन कायद्यात बसतो का?

भारतात संगणकावरून संगणकावर बोलायला १ एप्रिल २००२ पासून परवानगी आहे. तुमच्या सांगली आणि पुण्याच्या शाखा आपापसात आयपीवर बोलल्या तर कुणाची ना नाही. साध्या फोनच्या जाळ्यात शिरायचं असेल तर परवानाधारक कंपनीकडून एसआयपी ट्रंक किंवा पीआरआय घ्या. पीआरआय म्हणजे एका जोडणीवर एका वेळी ३० कॉल. कॉल सेंटरांवरचे नियम दूरसंचार विभागाने नोव्हेंबर २०२० मध्ये आणि पुन्हा जून २०२१ मध्ये बरेच सैल केले. पण परदेशातून इंटरनेटवर आलेले कॉल तुमच्या सिमकार्डांतून इथे सोडणं, ज्याला सिम बॉक्स म्हणतात, तो सरळ गुन्हा आहे. "तुमच्या ऑफिसात एक छोटी पेटी ठेवू द्या, महिन्याला भाडं देतो," असं कुणी म्हणालं तर दारातूनच परत पाठवा.

स्वतःच्या वापरासाठी ईपीएबीएक्सला एक सिमकार्डचा जीएसएम गेटवे लावणं ही वेगळी गोष्ट, ती बऱ्याच ऑफिसांत असते. त्यावरून जाहिरातीचे कॉल मात्र लावू नका. त्यांच्यासाठी १४० ने सुरू होणाऱ्या नंबरांची मालिका आहे.

घरून काम करणाऱ्याला ऑफिसचं एक्स्टेन्शन देता येईल?

देता येईल, पण व्हीपीएनमधून, म्हणजे इंटरनेटमधून ऑफिसपर्यंतच्या कुलूपबंद वाटेने. राउटरमध्ये ५०६० पोर्ट उघडून देणारा भेटला तर त्याला थांबवा.

एका ऑफिसात असंच कुणीतरी उघडून ठेवलं होतं, आणि एक्स्टेन्शन १०१ चा पासवर्डही १०१. मी लॉग उघडला तर रात्री दोनपासून ओळीच ओळी. १०० करून बघ, १०१ करून बघ, १०२ करून बघ. पाठवणाऱ्याने स्वतःचं नाव 'फ्रेंडली-स्कॅनर' असं दिलेलं. अशी आपोआप दारं ठोठावणारी यंत्रं जगभर चालू असतात, तुमचं ऑफिस छोटं आहे हे त्यांना ठाऊक नसतं. पहाटेपर्यंत कधी नाव न ऐकलेल्या देशांना कॉल गेले होते आणि बिल मालकाच्या नावावर. सुदैवाने ट्रंकवर रोजची मर्यादा होती, तिथे ते थांबले.

म्हणून आयएसडी सगळ्यांना बंद, ज्याला लागतं त्यालाच चालू. पासवर्ड मोठे, एक्स्टेन्शनच्या नंबराशी नातं नसलेले. संध्याकाळी आठनंतर बाहेरचे कॉल बंद. आणि ट्रंकवाल्याकडे खर्चाची मर्यादा लेखी.

फॅक्स आणि कार्ड स्वाइपचं जुनं मशीन?

ती तांब्यावर ठेवा. फॅक्सचा आवाज जी.७२९ मधून गेला की त्याचा चिवडा होतो. आयपीवर न्यायचाच असेल तर दोन्ही टोकांना टी.३८ (आयपीवरून फॅक्स पाठवायची पद्धत) चालायला हवं.

कॉल रेकॉर्ड करता येतात का?

संगणक जोडण्यामागे अनेकांचा छुपा हेतू हाच असतो. करता येतात. जी.७११ मध्ये तासाला साधारण २९ एमबी जागा लागते, म्हणजे डिस्कची चिंता नको. पण फोन करणाऱ्याला आधी सांगा. सुरुवातीला एक वाक्य वाजवलं की झालं. वैयक्तिक माहिती संरक्षणाचा २०२३ चा कायदा आहेच, आणि दवाखान्यात तर लोक फोनवर आपलं दुखणं सांगत असतात. रेकॉर्डिंग कोण ऐकणार आणि किती दिवसांनी पुसणार हे ठरवल्याशिवाय मी ते चालू करून देत नाही.

फुकटातल्या सॉफ्टवेअरवर सगळं होतं म्हणे?

होतं. मार्क स्पेन्सर या अमेरिकन मुलाला १९९९ मध्ये आपल्या छोट्या कंपनीसाठी फोन सिस्टिम परवडेना, म्हणून त्याने स्वतःच लिहिली. तेच अॅस्टेरिस्क. लिनक्सच्या साध्या संगणकावर अख्खा ईपीएबीएक्स उभा राहतो, आणि चांगला चालतो. पण रविवारी तो बंद पडला तर कुणाला बोलवायचं, हे आधी ठरवा. ऑफिसात लिनक्स कळणारं कुणी असेल तर बिनधास्त घ्या. नसेल तर भिंतीवरचा डबा बरा. त्याचं झाकण उघडून कार्ड बदलणारा माणूस तालुक्यालाही मिळतो.

तुम्हाला बोलावण्याआधी आम्ही काय तयार ठेवू?

एक्स्टेन्शनांची आजची यादी, टेबलासकट. लाइनांचे नंबर आणि मागचं बिल. ईपीएबीएक्सचा प्रोग्रामिंग पासवर्ड. हा बहुधा आधीच्या माणसाकडे अडकलेला असतो, त्याचे पैसे चुकते करून तो लिहून घ्या. राउटरचा पासवर्डही. नेटवाल्याचं तिकीट काढायचा नंबर. आणि ईपीएबीएक्स ज्या खोलीत आहे त्या खोलीची किल्ली कुणाकडे असते ते. मागच्या खेपेला ती शिपायाबरोबर विट्याला गेली होती, आणि मी पाऊण तास जिन्यात टूलबॉक्सवर बसून होतो.